ह आधी की म आधी?

गेल्या शनिवारी सकाळी ब्रह्मपुरीहून बाबांचा फोन. "काहून रे, तू कम्प्युटरवाला नं? मग सांग, माझं जन्मगाव खोटं आहे का?"

झालं असं, की एका कामासाठी बाबांना दोन कागद द्यायचे होते. एकावर गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच आधी आणि एम नंतर, दुसऱ्यावर नेमकं उलट. संगणक म्हणाला, माहिती जुळत नाही. खिडकीमागचा माणूस म्हणाला, प्रतिज्ञापत्र आणा. देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या बातम्यांत आमचं गाव दर उन्हाळ्यात अधूनमधून झळकतं. तिथे मे महिन्याच्या दुपारी दोन अक्षरांपायी दोन खेपा, त्याही वयाच्या ७२व्या वर्षी!

पण गंमत पुढेच आहे. बाबा मराठीचे निवृत्त मास्तर. पोरांच्या वह्यांतल्या 'ब्रम्हपुरी'वर त्यांनी जन्मभर लाल गोळे केले. स्वतः बोलताना मात्र स्वच्छ 'ब्रम्हपुरी' म्हणतात. आजी तर सरळ 'बरमपुरी' म्हणायची. एका घरात एका गावाची तीन नावं! लिहितो तसं आपण बोलत का नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. उत्तर म्हणून शुद्धलेखनाच्या दहा ओळी मिळाल्या.

खरं उत्तर बऱ्याच वर्षांनी सापडलं. आपल्या जिभेला 'ह'च्या आधी 'म' किंवा 'न' सोयीचा वाटतो, आणि ही सवय आजची नाही. प्राकृतात 'ब्राह्मण'चा 'बम्हण' झाला होता, 'ग्रीष्म'चा 'गिम्ह', 'उष्ण'चा 'उण्ह'. त्या 'उण्ह'चंच आपलं ऊन झालं आणि 'उष्णकाल'चा उन्हाळा. त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही. आणखी जवळचं उदाहरण घ्या. संस्कृतात 'चिह्न', मराठीत 'चिन्ह'. तिथे व्याकरणाने जिभेपुढे मान तुकवली. म्हणजे चिन्हाला माफी आणि ब्रम्हाला लाल शाई!

आता तुम्ही म्हणाल, मग शुद्धलेखनाचे नियम बदलायचे का? छे, माझं तसं काहीच म्हणणं नाही. पाटीवर 'ब्रह्मपुरी'च राहू दे. माझी तक्रार संगणकाबद्दल, म्हणजे खरं तर आम्हा लोकांबद्दल आहे.

युनिकोडमध्ये 'ब्रह्मपुरी' आणि 'ब्रम्हपुरी' यांत अगदी तीच अक्षरं आहेत, फक्त 'ह' आणि 'म' यांच्या जागा बदललेल्या. इंग्रजी स्पेलिंगचंही तेच. माणसाला हे एकच गाव दिसतं. यंत्राला दोन वेगळी गावं दिसतात, कारण त्याला आम्ही फक्त 'तंतोतंत सारखं आहे का?' एवढंच विचारायला शिकवलंय.

यावर उपाय काही नवा नाही. सारख्या उच्चाराची नावं एकत्र शोधण्यासाठी अमेरिकेत १९१८ साली 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं, तेही संगणक नसताना! तिच्यात एच हे अक्षर मोजतच नाहीत. मी कागदावर करून पाहिलं, आमच्या गावाच्या दोन्ही स्पेलिंगांचा संकेतांक एकच येतो: बी-६५१. अर्थात ही चाळणी जाड आहे, भलतीच नावंही एका खणात पडतात. म्हणून यंत्राने परस्पर होकार देऊ नये. पण नकारही देऊ नये. 'हे तेच गाव आहे का?' असं खिडकीमागच्या माणसाला विचारावं. तालुका, जिल्हा, पिनकोड समोर असतोच. देवनागरीत 'ह्म' आणि 'म्ह', 'ह्न' आणि 'न्ह' शोधताना एकच धरायचे, हे तर अर्ध्या दुपारचं काम.

एवढं तावातावाने लिहिलं खरं, पण मग आठवलं की तंतोतंत जुळवणारा असा कोड मीही लिहिलाय. अनेकदा. मुदत जवळ आलेली असते, आणि चाचणीच्या माहितीत सगळ्यांची गावं नीट जुळतात. कुणाच्या तरी बाबांना मीही उन्हात पाठवलं असणार, आणि त्यांनी स्पेलिंग चुकलं म्हणून स्वतःलाच दोष दिला असणार.

असो. प्रतिज्ञापत्र झालं. दोन्ही गावं एकच आहेत, असं बाबांनी शपथेवर लिहून दिलं. कागदावर लिहिलं 'ब्रह्मपुरी', आणि मला फोनवर वाचून दाखवताना म्हणाले, 'ब्रम्हपुरी'. मी काही बोललो नाही. उगाच पुन्हा दहा ओळी कोण लिहिणार?