घातांकाचे स्थान आणि संगणकाचा कळफलक

पाणी १००० सें. तापमानास उकळते आणि एका मोलमध्ये सुमारे ६.०२२ × १०२३ कण असतात, अशी दोन वाक्ये एखाद्या मराठी मजकुरात आढळली, तर त्यांचा लेखक अज्ञानी आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याने बहुधा सारे बिनचूकच लिहिलेले असते. शंभराच्या माथ्याशी त्याने अंशाचे चिन्ह म्हणून एक लहानसे शून्य चढविले होते आणि दहाच्या माथ्याशी तेवीस हा घातांक. वाटेत कोठे तरी दोन्ही ओळीवर उतरले. पहिली चूक कोणीही ओळखील, कारण पाण्याशी सर्वांचा परिचय आहे. दुसरी ओळखावयास ते ज्ञान आधीच असावे लागते. आणि ज्याच्यापाशी ते नाही त्याच्यासाठीच तर विज्ञानाची पुस्तिका लिहिलेली असते.

छापखान्यात खिळे जुळविण्याच्या काळी हा प्रश्न या रूपात नव्हता. जुळारी घातांकासाठी लहान अंकाचा वेगळा खिळा उचलीत असे. टंकलेखक यंत्राचा रूळ अर्धा घर फिरवून अंक वर उमटवीत असे. श्रम पडत, पण एकदा कागदावर वर उमटलेला अंक वरच राही. संगणकाने श्रम वाचविले आणि ही शाश्वती घालविली. संगणकावर अंक वर चढविण्याचे दोन मार्ग आहेत, आणि पडद्यावर ते सारखेच दिसतात. पहिल्यात अंक नेहमीचाच राहतो, फक्त लहान व उंच दिसण्याची आज्ञा त्याला दिली जाते. ही आज्ञा म्हणजे अंगरखा होय. मजकूर संदेशातून पाठविला, दुसऱ्या कार्यक्रमात उतरविला, की अंगरखा गळून पडतो आणि आतला साधा अंक तेवढा पुढे जातो. दुसऱ्या मार्गात उंच अंक हे स्वतंत्र चिन्ह असते. त्याला स्वतःचा संकेतांक असतो आणि तो मजकुराबरोबर प्रवास करतो.

अडचण जुनी आहे. १९५७ साली फोरट्रान ही संगणकभाषा आली, तेव्हा घातांक वर लिहिण्याची सोय यंत्रात नसल्याने पाया आणि घातांक यांच्यामध्ये दोन तारका घालण्याची रीत तीत ठरली. अमेरिकेच्या १९६३ च्या आस्की संकेतावलीत वर तोंड केलेला बाण होता. १९६७ च्या आवृत्तीत त्याच्या जागी टोपीसारखे चिन्ह आले. कळफलकावर ६ च्या कळेवर दिसते ते हेच. ही चिन्हे सुंदर नाहीत, पण ती ओळीवरच बसतात आणि म्हणून पडत नाहीत.

येथे आपल्या परंपरेतील एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशीचा वर्ग ‘याव’ आणि घन ‘याघ’ असा लिहिला जात असे. देकार्तने १६३७ मध्ये रूढ केलेल्या उंच अंकाइतकी ही पद्धती लवचीक नव्हती हे खरे. पण तिचा घातांक अक्षरांतच सामावलेला होता. ‘चौरस मीटर’ आणि ‘घन सेंटिमीटर’ ही मराठीतील रूपे त्याच गुणाची आहेत. ती हाताशी असताना मीटरच्या माथ्यावर २ चढविण्याचा सोस कशासाठी, हे कळत नाही.

मोठ्या संख्यांच्या बाबतीत मात्र शब्द पुरत नाहीत. मोलमधील कणांची संख्या सुमारे साठ लक्ष परार्ध होते. पण परार्ध म्हणजे दहाचा सतरावा घात, हे आज किती वाचकांना ठाऊक असेल? तेथे घातांकच हवा. आणि येथे देवनागरीची खरी उणीव समोर येते. युनिकोड संकेतावलीत आंतरराष्ट्रीय रूपाचे शून्यापासून नवापर्यंतचे सारे उंच अंक आहेत, उंच वजाचिन्हही आहे. देवनागरीचे तसे अंक नाहीत. २००९ मध्ये अक्षरांच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक समाविष्ट झाले, परंतु ते सामवेदाच्या स्वरलेखनासाठी आहेत. घातांकाच्या जागी ते वापरणे म्हणजे अंकाला शेजारी बसविण्याऐवजी दुसऱ्याच्या डोक्यावर बसविणे होय. बंगाली, तमिळ वा कन्नड अंकांचीही स्थिती निराळी नाही. तमिळ लिपीत संस्कृत स्तोत्रे छापताना ख, ग, घ यांचा भेद दाखविण्यासाठी ‘क’ला लहान २, ३, ४ जोडतात, तेही आंतरराष्ट्रीय रूपाचेच असतात.

म्हणून मजकुरात देवनागरी अंक खुशाल राहोत, पण घातांक असलेले सूत्र संपूर्णपणे आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावे, हेच श्रेयस्कर. यात मानहानी नाही. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने या अंकांना भारतीय अंकांचेच आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे. अर्धे सूत्र एका रूपात आणि घातांक दुसऱ्या रूपात, ही तडजोड मात्र डोळ्यांना आणि बुद्धीला सारखीच खटकते.

ज्यांना हा काटेकोरपणा अतिरेकी वाटेल त्यांनी औषधांच्या मात्रांकडे पाहावे. मायक्रो दर्शविणारे ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर काही जुन्या चिन्हसंचांत रोमन ‘एम’च्या जागी बसविलेले असते. तो संच नसलेल्या संगणकावर तेथे नुसता ‘एम’ दिसतो आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो. फरक हजारपटीचा. हस्ताक्षरातही हा घोटाळा होत असल्याने अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेने ते चिन्ह धोक्याच्या संक्षेपांच्या यादीत घातले आहे. मराठीत ‘मायक्रोग्रॅम’ पूर्ण लिहिण्यास पाच अक्षरे पुरतात.

अंशासाठी शून्य, गुणाकारासाठी रोमन ‘एक्स’, वजासाठी जोडरेघ, या सवयी कळफलकावर योग्य कळ नसल्यामुळे जडल्या आहेत. त्यांतील शेवटची सर्वांत फसवी: दहाचा उणे चौतिसावा घात खाली उतरला की ‘१०-३४’ असा उरतो आणि वाचक तो ‘दहा ते चौतीस’ असा वाचतो. विंडोज प्रणालीत ऑल्ट कळ दाबून धरून उजवीकडील अंकफलकावर ०१७६ टंकल्यास अंशाचे आणि ०२१५ टंकल्यास गुणाकाराचे खरे चिन्ह उमटते. परंतु चार आकडे पाठ करण्याचा भार प्रत्येक शिक्षकावर व अनुवादकावर का पडावा? २०१० मध्ये रुपयाचे चिन्ह ठरले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. पुढे कळफलकांवरही त्याला जागा मिळाली. अंश, गुणाकार, खरे वजाचिन्ह आणि उंच अंक यांना भारतीय भाषांच्या कळफलकांवर तशीच जागा देता येईल. ती मिळेपर्यंत मुद्रितशोधकाने मजकूर एकदा सर्व सजावट उतरवून वाचावा. जे अंक त्या वेळी खाली पडतील, ते पुढेही पडणार आहेत.