मूर्ती लहान, पण जोडण्या किती?

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण आता संगणकालाही लागू पडते. २०२४ साली आलेला ॲपलचा मॅक मिनी लांबी-रुंदीला सुमारे १३ आणि उंचीला ५ सेंटीमीटर, म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा. टेबलावरची जागा वाचते, वीजही कमी लागते. विद्यार्थी आणि संस्था अशा संगणकांकडे वळत आहेत, हे योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की विकत घेण्यापूर्वी त्याची पाठही पाहावी.

वरील संगणकाला तीन मॉनिटर जोडता येतात. परंतु जुन्या, लांबट तोंडाच्या यूएसबीचा पोर्ट त्याला एकही नाही. नेहमीचा पेन ड्राइव्ह घेऊन बसणाऱ्याला पहिल्याच दिवशी अडॅप्टर शोधावा लागतो. उलट २०१९ चा रास्पबेरी पाय ४ हा पत्त्याच्या पानाएवढा. त्याला तसे पोर्ट चार आहेत. पण मॉनिटरसाठी दोन मायक्रो एचडीएमआय, ज्यांत नेहमीची केबल बसत नाही. शिवाय यूएसबी-सीचे पोर्ट दिसायला सगळे सारखे. एखाद्यातून मॉनिटरला चित्र जाते, एखाद्यातून नुसती माहिती. रूपावरून गुण ओळखता येत नाहीत.

गेल्या वर्षी या अंकाच्या कामासाठी आम्ही एका लहान संगणकाला दोन मॉनिटर लावले होते. डावीकडे मराठी विभाग, उजवीकडे कन्नड. पाने शेजारी शेजारी पाहता येत, आणि दोन्ही विभागांची मंडळी एकाच टेबलाशी बसत. मात्र स्कॅनर, हार्ड डिस्क, कीबोर्ड सगळे आम्ही एकाच स्वस्त हबवर लादले. यूएसबी ३ च्या साध्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. तीच सर्वांनी वाटून घ्यायची. स्कॅनर सुरू केला की हार्ड डिस्क बंद पडे. एका संध्याकाळी कन्नड विभागाच्या आठ पानांची फाइल अशीच बिघडली. त्या विभागातील मैत्रिणीने रात्र जागून ती पुन्हा टाइप केली. आम्ही संगणकाला नावे ठेवली. वास्तविक दोष आमच्या अज्ञानाचा होता. स्वतंत्र वीज घेणारा हब आणला आणि तक्रार संपली.

कोणी म्हणेल, इतकी चिकित्सा कशाला, लागेल तसे आणू. पण मागाहून आणलेल्या केबली, अडॅप्टर आणि हब यांचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. तो बहुधा विद्यार्थ्याच्या खिशातून जातो.

म्हणून प्राध्यापकवर्गाला विनंती आहे. खरेदीपूर्वी मॉनिटर किती, उपकरणे किती आणि प्रत्येकाला कोणता पोर्ट, याची यादी करावी व लागणारे सामान त्याच अंदाजपत्रकात धरावे. आणि कोणत्या पोर्टला काय जोडावे याचा एक तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावा, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत. तो लिहून द्यायला आम्ही दोन्ही विभागांचे विद्यार्थी तयार आहोत.