मेलेले मासे मोजून झाले

कापसाच्या दिवसांत बीड जिल्ह्यात माजलगाव, गेवराई, वडवणीकडे गेलं की एक शब्द सारखा कानावर पडतो: औषध. औषध मारलं, औषध अंगावर उडालं. आपण प्राणिशास्त्राची माणसं त्यालाच विष म्हणतो आणि ते किती जहाल हे ठरवायला मासा हाताशी धरतो. रीत ठरलेली. टाकीत मासे सोडायचे, मात्रा चढवत न्यायची, ९६ तासांत निम्मे मासे कितीला मरतात ते काढायचं. हाच एलसी-५०. मराठवाड्यातले कितीतरी प्रबंध या एका आकड्यावर उभे आहेत.

आकडा खोटा नाही, अपुरा आहे. ओढ्यात पंप विसळला की सिंदफणा नदीपर्यंत पोचतं ते बहुधा मारण्याइतकं नसतं. मासा जगतो. फक्त काचेवर टिचकी मारली तर दचकायला उशीर लावतो, थव्यातून मागे पडतो, अंगावर कलून पोहतो. बगळ्याला तेवढं पुरतं.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला जखडतात. मग मज्जातंतूंचा संदेश संपायचं नावच घेत नाही. या विकराचं काम मोजणारी एलमनची १९६१ची चाचणी आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. निरोगी माशाच्या मेंदूचा अर्क घातला की नळी पिवळी होत जाते, बाधित माशाची फिकीच राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. अशा रुग्णाच्या रक्तात डॉक्टर पाहतात ते याच कुळातल्या विकरांचं काम. म्हणून माशाचा मेंदू आणि त्याची चाल एकाच प्रयोगात पाहायला हवी.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते, ही सबब आम्हाला पटत नाही. झेब्राफिशची पिल्लं ९६ खाचांच्या ताटलीत ठेवून कॅमेऱ्याने मोजणारी यंत्रं महाग आहेत, खरं. पण अनोळखी टाकीत सोडलेला झेब्राफिश आधी तळ गाठतो आणि मग सावकाश वर येऊ लागतो. पहिली सहा मिनिटं टिपायला स्टँडवर लावलेला मोबाइल पुरतो. चित्रफीत पाहून नोंदी करणाऱ्याला मात्र कोणत्या टाकीत काय घातलंय ते ठाऊक नसावं.

आणखी एक. मासा वर येऊन तोंड उघडू लागला की लगेच ‘विषाचा परिणाम’ लिहून मोकळे होऊ नका. बीडच्या मे महिन्यात पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो. तो आधी मोजा. दुकानातल्या बाटलीत कीटकनाशकाबरोबर विद्रावकही असतं, त्याची टाकी वेगळी ठेवा.

येत्या जानेवारीपासून नुसता एलसी-५० असलेला लेख या मासिकात घेतला जाणार नाही. जिवंत माशाच्या नोंदी सोबत पाठवा.