चुकलेली वारी

मध्यमवर्गीय घरात खर्च दोन जातींचा असतो. एकाचा जाब कोणी विचारीत नाही. दुसऱ्याचा जाब विचारण्यास आळीतला माणूसदेखील अधिकारी असतो. लग्न, मुंज, वास्तुशांत, जावयाचे दिवाळसण ही पहिली जात. पुस्तके, नाटके आणि गाणे ही दुसरी. पहिल्या जातीपायी कर्ज झाले तरी त्यास व्यवहार म्हणतात, आणि दुसरीपायी शिलकीतले चार पैसे गेले तरी ती उधळपट्टी ठरते. ही वर्णव्यवस्था कोणत्या स्मृतीने घालून दिली हे आम्हांस आजवर उमगलेले नाही. तिच्याविरुद्ध चार शब्द लिहिण्याचे कारण मात्र आमच्याच घरी घडले.

आम्ही सोलापूरचे. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात जो संगीत महोत्सव चालविला आणि ज्यास आता गुरुशिष्य दोघांचेही नाव लागते, त्यास आम्ही पतिपत्नी १९९८ पासून न चुकता जात आलो. रमणबागेच्या पटांगणात भारतीय बैठकीवर शाली पांघरून आम्ही रात्रीच्या रात्री बसलो. पुढे ध्वनिक्षेपकाच्या नियमांनी रात्र आखडली, महोत्सवाची जागा मुकुंदनगरास गेली. आमची बैठक मोडली नाही. ज्या वर्षी घराचा हप्ता थकला होता, त्या वर्षी एकाच दिवसाची तिकिटे काढली आणि पोळीभाजीचा डबा बरोबर नेला. आमच्या गृहिणीने लहानपणी सहा वर्षे गाणे शिकून ते लग्नानंतर सोडले. तिच्या वाट्यास त्या विद्येपैकी वर्षातले हे मोजके दिवसच काय ते उरले होते. तिची एक वही आहे. कोणी कोणता राग गायिला, साथीस कोण होते, हे प्रत्येक वर्षाच्या पानावर ती टिपून ठेवते. २०२० व २०२१ ही पाने कोरी आहेत, कारण साथीमुळे त्या वर्षी महोत्सवच झाला नाही. त्याबद्दल कोणास दोष देणार? २०२३ चे पानही कोरे आहे, आणि त्याचे धनी आम्हीच आहो.

घडले ते असे. महोत्सवाच्याच दिवसांत आप्तांपैकी एका मुलाचे लग्न निघाले. आमचे मामा वडीलधारे, त्यांनी स्पष्टच विचारले, "अरे, गाणे काय, दरवर्षीच असते. पाच दिवस बसून तुम्हांला मिळते तरी काय? पुढच्या वर्षी जा." आम्ही गप्प बसलो, आणि हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त आहे. लग्नास गेलो. आहेर, कपडे आणि प्रवास मिळून पुण्याच्या वारीच्या तिप्पट खर्च झाला. मंडपात ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात वधूवरांचे नावही नीट ऐकू आले नाही. परतल्यावर "तुम्हांला मिळाले काय?" असे मामांनी विचारले नाही; कोणीच विचारले नाही.

"पुढच्या वर्षी जा" हा उपदेश वरवर किती समंजस दिसतो! पण गाणे म्हणजे काही कपाटात ठेविलेला दागिना नव्हे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी संयुक्त 'मानापमान' केले, तेव्हा वरच्या जागांस शंभर रुपये तिकीट होते. कारकुनाने काही महिने राबावे तेव्हा ही रक्कम हाती यावी, असा तो काळ! त्या दिवशीही कोणी शहाण्याने आपल्या भाच्यास पुढच्या खेपेस जाण्याचा सल्ला दिला असेल. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. (पैसे देशकार्यास गेले म्हणून तो खर्च शुद्ध झाला, असे म्हणणारे आम्हांस भेटले आहेत. तिकीट घेणाऱ्यांपैकी किती जण फंडासाठी आले होते आणि किती जण त्या दोन गळ्यांसाठी, हे त्यांनी स्वतःच्या मनास विचारावे.) फार मागे जाण्याचेही कारण नाही. अलीकडे ज्यांच्या गाण्याने महोत्सवाची सांगता होण्याचा प्रघातच पडला होता, त्या प्रभा अत्रे १३ जानेवारी २०२४ रोजी गेल्या. लग्नाच्या पेढ्यांचा डबा अजून रिकामा झाला नव्हता. बातमी ऐकून गृहिणीने वही काढली, कोरे पान पाहिले आणि पुन्हा ठेवून दिली. ती आम्हांस काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता आमचे काही हितचिंतक आमची बाजू घेतात, त्यांच्यापासूनही आम्हांस बचाव हवा आहे. ते म्हणतात, मनुष्यास विरंगुळा हवा. मन ताजे झाले म्हणजे काम अधिक चांगले होते. म्हणजे आम्ही बैलगाडीचे चाक, आणि मारवा हे वंगण! कचेरीतील काम उरकावे म्हणून आम्ही गाणे ऐकत नाही. उलट डिसेंबरात पुण्यास जाता यावे म्हणून उरलेले अकरा महिने कचेरीत काढतो. ज्याची आवड आहे त्यास औषधाची बाटली ठरवून सोडविणे हा त्या आवडीचा अपमान आहे.

कोणी म्हणेल, आता सारे गाणे खिशातल्या फोनवर मिळते, मग रेल्वेचे भाडे कशास? ध्वनिमुद्रणांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. महोत्सव संपताना खुद्द सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात, आणि हजारो माणसे त्या जुन्या खरखरीतून येणाऱ्या आवाजापुढे स्तब्ध बसतात. पण ते ऐकणे पाच दिवसांच्या शेवटी येते, शेजारच्या अनोळखी गृहस्थाच्या डोळ्यांतही पाणी असते, हे घरच्या खुर्चीत कोठून आणावे? शिवाय फोनवर ऐकणारा गवयास काय देतो? अल्लादियाखाँ कोल्हापुरास राहिले ते दरबाराच्या आश्रयाने. भातखंडे यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली बडोद्यास भरली ती सयाजीरावांच्या पाठबळाने. ही दोन्ही संस्थाने १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाली. तेव्हापासून महाराजांच्या गादीवर सतरंजीवरचा तिकीटवालाच बसला आहे. त्याने हात आखडला तर तक्रार कोणत्या दरबारात नेणार?

ज्या घरी औषधाचे वा शाळेच्या फीचे पैसे थकले आहेत, त्या घरास आम्ही हे सांगत नाही. त्यास उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही. ज्यांच्या बैठकीत नवा सोफा आहे आणि जे तिकिटाच्या किमतीवर सुस्कारे टाकतात, त्यांच्याशीच आमचा वाद आहे.

यंदा डिसेंबरात पुन्हा एक लग्न आहे. तेही मामांच्याच बाजूचे. आहेर आम्ही आधीच पाठविला आहे आणि हुतात्मा एक्स्प्रेसची दोन तिकिटे काढून वहीत ठेविली आहेत. मामांचा फोन अजून आलेला नाही.