बालीत गूजबम्प्स, दशावतार गावठी?

नाहूरच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, यंदा एक रात्र दशावतार ठेवू. मिनिटभरात विषय संपला. 'गावठी वाटेल', 'मुलांना काय कळणार', 'दहानंतर आवाज नको.' तिसरं कारण मान्य, नियमच आहे. पहिली दोन मात्र ज्यानं दिली तोच मागच्या वर्षी बालीला जाऊन आला होता. उलुवातूच्या केचकचा व्हिडिओ ग्रुपवर टाकून त्यानं लिहिलं होतं, 'गूजबम्प्स!'

तो केचक मीही पाहिलाय. खोटं कशाला बोलू, भारी असतो. कड्याखाली समुद्र, सूर्य बुडतोय, मधोमध दिवा, भोवती काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र कमरेला गुंडाळलेले उघडेबंब पुरुष. वाद्य एकही नाही, नुसतं 'चक चक चक'. सीताहरण, मग हनुमान, मग आग. शब्द एकही कळला नाही, तरी तासभर जागचा हललो नाही. मुलांना काय कळणार, हे तिथं कुणी विचारत नाही.

आणि ज्याला आपण प्राचीन म्हणतो, तो केचक या रूपात १९३०च्या दशकात घडला. विधीतला जुना कोरस घेतला, त्याला रामायण जोडलं. वॉल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार त्या खटपटीत होता, आणि समोर पर्यटक होते. यात बालीकरांचं काहीच चुकलं नाही. त्यांना आपल्या गोष्टीची लाज वाटली नाही, एवढंच.

लाज आपल्याला वाटते. माझी आई वेंगुर्ल्याची, तरी मालवणी मी चारचौघांत बोलत नाही. दशावतारात वेद चोरणारा संकासुर काळ्या वेशात, लाल जीभ लोंबवत येतो आणि त्याच मालवणीत सगळ्यांची टोपी उडवतो. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन. संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे सुचतात. अंधेरीत याला आपण 'इम्प्रॉव्ह' म्हणतो आणि तिकीट काढतो. इथं बाईचं काम करणारा पुरुष पहाटेपर्यंत पदर ढळू देत नाही. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं कोकणात या कलावंतांबद्दल म्हणतात. ते कौतुक नाही, हिशेब आहे.

२०२५मध्ये 'दशावतार' सिनेमा आला. प्रभावळकरांना बघून आमची अर्धी सोसायटी रडली. पॉपकॉर्नसकट. जिवंत कंपनीला बोलवायची वेळ आली तेव्हा कराओके ठरलं.

पुढच्या मीटिंगला पुन्हा हात वर करणार आहे. सातला सुरू, दहाला बंद. गूजबम्प्सवाल्याला पहिल्या रांगेत खुर्ची. संकासुराला त्याचं नाव आधीच सांगून ठेवीन.