घरचें आरोग्य : गांठ विरली, तरी

वसमतच्या एका परिचित कुटुंबांतील वडील गृहस्थ गेल्या महिन्यांत आमचेकडे आले, ते किंचित् रागावूनच. धाकट्या सुनेच्या स्तनांत कर्करोगाची मोठी गांठ निघाली, काखेंतही गांठी लागतात. "गांठ कापावयाची सोडून डॉक्टर आधीं पांच-सहा महिने औषध देणार म्हणतात. घरांत साप निघाला असतां त्यास कोणी सहा महिने राहूं देतो काय ?"

शंका रास्त आहे. परंतु सुरी पोंचते ती गांठीपर्यंत. तिच्यांतून निसटून अन्यत्र गेलेल्या पेशींना ती गांठूं शकत नाहीं. केमोथेरपीचें औषध रक्तावाटे सर्व शरीरांत फिरतें. शिवाय कातडीस वा छातीस चिकटलेली गांठ औषधानें आकसली म्हणजे निखळ काढतां येते, कित्येकदां सबंध स्तन काढण्याचेंही टळतें. आणि औषध लागू पडतें कीं नाहीं, हें गांठ जागेवर असल्यामुळेंच कळतें. अमेरिकेंत १९८८ ते १९९३ या काळांत १,५२३ स्त्रियांची दोन गटांत विभागणी करून हें पडताळण्यांत आलें. औषध आधीं दिलें काय अन् मागाहून दिलें काय, जगण्याचें प्रमाण सारखेंच राहिलें. स्तन मात्र पहिल्या गटांत अधिक वांचले. गांठ लहान असल्यास आधीं शस्त्रक्रिया करणेंही अनेकदां योग्यच असतें.

सासूबाईंनीं हळदीचा लेप सुचविला होता. हिंगोली जिल्ह्यांत हळदीस काय तोटा ! पण लेपानें ही गांठ विरत नाहीं. दिवस मात्र जातात.

खरा धोका पुढेंच आहे. दोन-तीन मात्रांनंतर गांठ हातास लागेनाशी होते. केस गळलेले, अंगांत त्राण नाहीं, नांदेड-संभाजीनगरच्या खेपांनीं घर थकलेलें, अशा वेळीं "आतां बरी झाली, कापाकापी कशास?" असें कोणी वडीलधारें म्हणतें आणि उपचार तेथेंच थांबतो. हातास न लागणें म्हणजे रोग जाणें नव्हे. पेशी खरोखर उरल्या नाहींत कीं काय, हें शस्त्रक्रियेनें काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच खात्रीनें ठरतें. आणि उरल्या असल्यास कांहीं प्रकारांत पुढील औषधही बदलतां येतें. म्हणून स्तन वांचवावयाचा बेत असेल तर पहिल्या मात्रेपूर्वींच, निदान गांठ पुरती विरण्यापूर्वीं, तिच्यांत धातूची बारीक खूण बसवितात. नाहींतर शल्यवैद्यानें शोधावयाचें कोठें? ती बसविली काय, हें घरच्यांनीं अवश्य विचारावें. मात्रा चालू असतां ताप आल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

त्या गृहस्थांस आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, शेवटच्या मात्रेनंतर सुमारें महिनाभरानें शस्त्रक्रिया येईल, ते दिवस आतांच मोकळे ठेवावे. ते बराच वेळ बोटें मोजीत बसले. मग म्हणाले, "त्याच सुमारास पुतणीचें लग्न आहे. तें पुढें ढकलूं."