पाऊस वेगळा, कीड वेगळी? सोयाबीनला विचारा!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी सोयाबीन आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे दर खरिपात एक वाक्य ऐकू येतं. "पाऊस कमी पडला हे मान्य. पण कीड पडली ती तुमच्या हयगयीनं. वेळेवर फवारलं असतं तर?" पाहणीला आलेला म्हणतो, विमावाला म्हणतो, बांधावर उभा राहून फोटो काढणारा पुढारीही म्हणतो. पेपरात पहिल्या पानावर पावसाची ओढ आणि पाचव्या पानावर अळीचा प्रादुर्भाव. जणू दोन वेगळ्या गावांच्या बातम्या! आपण हे इतकं ऐकलंय की शेतकरी स्वतःच म्हणायला लागलाय, "चुकलंच आमचं, एक फवारणी राहिली."

माझं म्हणणं सरळ आहे. हलक्या रानात, पावसाच्या खंडानंतर आलेली रसशोषक कीड ही बहुतेक वेळा त्या खंडाचाच पुढचा भाग असते. सरकारी कागदानं ती दोन तुकड्यांत तोडली, आणि तोडल्यामुळे फायदा कुणाचा झाला ते ज्यानं त्यानं बघावं.

आधी पिकाकडे बघू. पाणी तुटलं की झाड पहिलं काम करतं ते पानावरची छिद्रं बंद करण्याचं. मुळाकडून तसा निरोपच येतो, एका संप्रेरकाच्या रूपात. पाणी वाचतं, पण दोन गोष्टी बिघडतात. अन्न तयार होणं मंदावतं आणि पान तापतं, कारण झाडाचा घाम बंद झालेला असतो. दुपारी एक वाजता रानात जाऊन बघा, सोयाबीननं पानं उलटी करून खालची पांढुरकी बाजू वर केलेली दिसेल. ऊन परतवायची ती त्याची धडपड आहे. त्याच वेळी पानातल्या रसात साखर आणि सुटी अमिनो आम्लं वाढतात. झाड ती स्वतःला तगवायला साठवतं, आणि पांढरी माशी, फुलकिडे, तुडतुडे यांना आयतं जेवण मिळतं.

यात एक बारकावा आहे. झाड सलग करपत गेलं तर रस ओढणाऱ्या किडीचंही अवघड होतं, कारण ओढायला रसाचा दाबच उरत नाही. त्यांची चंगळ होते ती ताण, मधे एक सर, परत ताण अशा चक्रात. आता सांगा, आपल्या जिल्ह्याचा पाऊस कसा पडतो? पावसाळ्याची सरासरी साधारण 600 मिलिमीटर, आणि त्यातलाही बराचसा मोजक्या दिवसांत. भूम-परंड्याकडचं तर विचारूच नका. म्हणजे किडीला जसा पाहिजे अगदी तसा. वर जोराचा पाऊस नसला की पानावरचे फुलकिडे, कोळी धुऊन जायचे तेही राहतात, आणि उन्हात त्यांच्या पिढ्या भराभर वाढतात.

खोडमाशीचं आणि चक्रीभुंग्याचं आणखी वेगळं. खोडमाशीची अळी खोड आतून पोखरते. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा पाडते आणि मधे अंडी घालते. खाचेच्या वरचा भाग सुकतो. पाऊस चांगला असेल तर झाड कसंबसं तगून जातं. खंडात मात्र आधीच मुळाला पाणी नाही, आणि जे थोडं वर चढतंय त्याची वाटही तुटलेली. बांधावरून बघणाऱ्याला दोन्ही झाडं सारखीच सुकलेली दिसतात. खोड उभं चिरून बघेपर्यंत कळत नाही. किती पाहणी करणाऱ्यांच्या खिशात चाकू असतो?

2023 आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदीत देशाचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आपलं सोयाबीन तेव्हा फुलात आणि शेंगा धरायच्या बेतात. मग सप्टेंबरात पाऊस आला आणि विदर्भ-मराठवाड्यात रानंच्या रानं पिवळी पडली. पिवळा मोझॅक, त्याच्या जोडीला मूळकुज आणि खोडकुज. मोझॅकचा विषाणू पसरवते पांढरी माशी. मूळ-खोड कुजवणाऱ्या बुरशीतला एक प्रकार तर उष्णता आणि कोरड्या जमिनीतच माजतो. ऑक्टोबरअखेर राज्यानं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपले वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. म्हणजे दुष्काळ सरकारला दिसला. पण त्याच दुष्काळाच्या पाठीवर बसून आलेल्या मोझॅकचा हिशेब वेगळ्या फाईलमध्ये गेला. खंडापोटी 25 टक्के अग्रिम द्यायची वेळ आली तेव्हा राज्यभर विमा कंपन्यांनी हरकती घेतल्या, ते सगळं आपण भोगलंय.

आणि गंमत बघा. पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच टाळता न येणाऱ्या जोखमींच्या यादीत दुष्काळ आणि पावसातला खंड यांच्या बरोबरीनं "मोठ्या प्रमाणावरील कीड व रोग" असं लिहिलेलं आहे. टाळता न येणाऱ्या! मग "फवारलं असतं तर" हे कुठून आलं? पण 72 तासांत वैयक्तिक तक्रार करायची ती यादी उघडली की त्यात गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणं, ढगफुटी, वीज पडून लागलेली आग. कीड नाही. पुढं 2025 च्या खरिपात राज्यानं एक रुपयाचा विमा बंद केला आणि त्याबरोबर अग्रिम आणि वैयक्तिक तक्रार हे दोन्ही रस्ते काढून टाकले. फक्त पीक कापणी प्रयोग राहिला. त्याच सप्टेंबरात पुराचं पाणी भूम-परंड्याच्या शेतांत घुसलं, तेव्हा काय काढलं गेलं होतं ते लोकांना कळलं.

कापणी प्रयोगाच्या बाजूनं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो कारण विचारत नाही. पाऊस असो की कीड, उत्पन्न घटलं म्हणजे घटलं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण हिशेब महसूल मंडळाच्या सरासरीवर. कीड काही मंडळाची हद्द बघून पडत नाही, मुरमाड रानात आधी पडते. खालच्या काळ्या रानानं सरासरी उचलली की माळावरचा माणूस गेला. शिवाय उंबरठा उत्पन्न काढतात ते मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरून, आणि त्याच्या 70 टक्के. आपल्यासारख्या जिल्ह्यात सातात तीन-चार वर्षं वाईट निघाली की "चांगल्या" पाचातही वाईट वर्षं येतात. जितका जास्त दुष्काळ, तितका खालचा उंबरठा. याला संरक्षण म्हणायचं?

आता दुकानाकडे वळू. खंड पडला की कृषी सेवा केंद्रावर गर्दी होते. कीटकनाशक, बुरशीनाशक, वर एक टॉनिक, सगळं एका पंपात कालवून. तापलेल्या, तहानलेल्या पानावर असलं मिश्रण मारलं तर पान होरपळायची भीती असते. आंतरप्रवाही औषध झाडात फिरायला झाडात पाणी फिरायला लागतं, ते नसलं की औषधाचा जोरही कमी. सारखं तेच तीव्र औषध मारलं की किडी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी, पांढरी माशी दुप्पट होऊन येतात. सगळे दुकानदार वाईट नाहीत, उधारीवर गाव तेच चालवतात. पण सल्ला देणारा आणि विकणारा एकच असेल तर सल्ला कुठला मिळणार?

सरकारकडे सल्ल्याची व्यवस्था नाही असंही नाही. 2008 मध्ये अळ्यांनी सोयाबीन फस्त केल्यावर राज्यात क्रॉपसॅप सुरू झालं. ठरलेल्या शेतांत जाऊन कीड मोजायची आणि आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारणी सुचवायची. मंडळात पर्जन्यमापकही आहेत. परभणीच्या विद्यापीठानं खोडमाशीला बऱ्यापैकी दाद न देणारं एमएयूएस-158 दिलं, रुंद वरंबा सरीची पद्धत सांगितली, खंडात पोटॅशियम नायट्रेटची फवारणी सांगितली. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. मग अडतंय कुठं? पावसाचा आकडा एका खात्यात, किडीचा दुसऱ्या फाईलीत, आणि शेतकऱ्यापुढे दोन्ही एकत्र कुणीच ठेवत नाही.

ते दोन आकडे शेजारी मांडले तर साध्या डोळ्यांना दिसेल की खंड अमुक तारखेला सुरू झाला आणि तिथून किती दिवसांनी पांढरी माशी वाढली. मग "हयगय" हा शब्द वापरणं कुणालाही जड जाईल. म्हणूनच मांडले जात नसतील का? शंका यायला जागा आहे.

तेव्हा एक करा. येत्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या. आपल्या मंडळाचा 2023 पासूनचा रोजचा पाऊस आणि त्याच काळातल्या क्रॉपसॅपच्या आठवड्याच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर शेजारी-शेजारी लावा, एवढीच मागणी. दिलं नाही तर माहिती अधिकारात मागा, 10 रुपयांचा अर्ज आहे. मिळालेल्या कागदाचा फोटो खाली कमेंटमध्ये टाका, गावाचं आणि मंडळाचं नाव लिहून. आठही तालुक्यांतले आले की मी एकत्र करून इथंच टाकतो.